तिघांत अठ्ठावीस गोळ्या

शिडी कापली त्या दिवशी मी नियम घातला होता. ह्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता आणि दोघे भाऊ बापाच्या शिडीवरून भांडले. थोरला म्हणे मी मोठा, धाकटा म्हणे वर तर मीच चढतो. शेवटी करवत आणली आणि शिडी मधोमध कापली. अर्धी शिडी कशाला लागते ते दोघांनाही अजून सांगता आलेलं नाही. तेव्हा मी म्हटलं, आजपासून या घरात आणि खालच्या कारखान्यात जे येईल त्याचे तीन सारखे वाटे. एक थोरल्याचा, एक धाकट्याचा आणि एक जावईबापूंचा, कारण ते आमच्यातच काम करतात आणि लेक माझ्या पोटची आहे. ज्याला पटत नाही त्यानं आपली चूल वेगळी मांडावी.

नऊ वर्षं नियम चालला. कोणी भेट म्हणून एक छत्री दिली तर ती आठ-आठ दिवस तिघांत फिरायची. नियम असा अंगात मुरला की धाकट्याला कुत्रा चावला तेव्हा थोरला सहज म्हणाला, "इंजेक्शनं पाच आहेत ना? मग दोन मला चालतील." मला त्याचा अभिमान होता. लोकांची पोरं कोर्टात जातात, माझी वाटून खातात, असं मी चारचौघांत सांगायची. वाटून काय काय खातात ते मला त्या शुक्रवारी कळलं.

आमचा धंदा लिफ्ट बसवण्याचा. पुरुषांच्या खिशात स्क्रू, नट, तारेचे तुकडे असतात आणि ते धुण्याच्या यंत्रात गेले की यंत्र बोंबलतं. म्हणून खिसे मी तपासते. थोरल्याच्या पँटीत गोळ्यांची रिकामी पट्टी निघाली, एका टोकाला पत्रा कापायच्या कात्रीनं कापलेली. सोबत एक सुटा तुकडा. जावईबापूंच्या कोटात दुसरी पट्टी, तीही कापलेली. मग मी खाली जाऊन धाकट्याची हत्यारांची पेटी उघडली. त्यात आठची पट्टी आणि एक सुटा तुकडा. टेबलावर मांडून कडेला कड लावली तर दातेरी कडा एकमेकींत फिट्ट बसल्या. दहा, दहा आणि आठ. नऊ-नऊ-नऊचे वाटे केलेले, आणि उरलेली एक मोठेपणाचा मान म्हणून थोरल्याला. मला अक्षरं लावायला वेळ लागतो, पण हिशेब कोणी केलाय हे लगेच ओळखलं. माझ्याच शिकवणीचा होता.

पट्ट्या फेकून का दिल्या नाहीत? कारण घरातला कचराही मीच बघते.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे आहे. माझे गुडघे त्याच सांभाळतात. त्यांनी पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या.

"या कोणाच्या?"

"तेच विचारायला आले."

"या गोळ्या दहा आजारांना देतात, आजी. पण अठ्ठावीस म्हणजे दिवसाला दोन, चौदा दिवस. आणि पुरुषांनी लपवल्या होत्या म्हणता?"

"लपवल्या आणि वाटून घेतल्या. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हा एका माणसाचा डोस आहे. तिघांत वाटला म्हणजे तिघांपैकी एकही बरा झालेला नसणार. रक्त तपासल्याशिवाय मी नाव घ्यायला नको, पण मला सिफिलिसची शंका येते."

"म्हणजे गरमी?"

"पूर्वी तसं म्हणायचे. तुमची माणसं बाहेरगावी कामाला जातात का?"

"जातात की. नऊ मजली इमारतीच्या कामाला सहा आठवडे होती, तीन महिन्यांपूर्वी परतली."

"आणि घरात कोणी गरोदर आहे?"

तोवर मला आतून हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. तीन बाप्ये कात्री घेऊन गोळ्या कापत बसलेत हे डोळ्यांपुढं दिसत होतं. ते हसू तिथंच आटलं. धाकट्या सुनेला पाचवा महिना लागला होता.

"तिला आजच घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लागण झालेली असली तर ती बाळापर्यंत जाते. बाळ पोटात दगावू शकतं, जन्मलं तरी दोष घेऊन येऊ शकतं. वेळेवर इंजेक्शन दिलं तर दोघंही सुटतात. आजच."

"रविवारी सगळ्यांनाच आणते."

"रविवार कशाला?"

"तिला आज नेली तर ती विचारेल, कशासाठी? मी काय सांगू? तिघांपैकी कोणीतरी काहीतरी केलंय? माझ्या घरात आरोप करायचा तर कबुली लागते."

"बाळाला कबुली लागत नाही, आजी."

मी पट्ट्या उचलल्या आणि घरी आले. मला शिकवायला आली, असं वाटेत पुटपुटलेसुद्धा.

कारखान्याच्या मागच्या अंगाला आमचा चाचणीचा मनोरा आहे, चार मजले उंच. नवं यंत्र आलं की आधी तिथं टांगायचं, वरखाली फिरवायचं, मगच गिऱ्हाइकाकडं न्यायचं. लिफ्ट कुठं कुरकुरली तर तिघांनी मिळून आत शिरायचं, तीन भिंतींना तीन कान लावायचे आणि एकाच कागदावर तिघांनी सही करायची, हीसुद्धा ह्यांच्यापासूनची रीत. रविवारी सकाळी कामगार नसतात. मी तिघांना म्हटलं, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये आवाज येतोय. तिघंही निमूट आत गेले. केबिन वर गेली, भिंतींना कान लागले, आणि मी खाली पॅनलची चावी फिरवली.

माझ्या शेजारी तिघी होत्या. थोरली सून कारखान्याचे सगळे कागद लिहिते, तिच्या हातात बिघाडाचा छापील तक्ता दिला होता. लेक हाताची घडी घालून उभी होती. धाकटी पॅनलच्या वायरिंगमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून बसली होती. आमची सगळी पॅनल तीच करते, आणि तिच्यासारखा हात धाकट्याचासुद्धा नाही.

"आई, लिफ्ट थांबली," इंटरकॉममधून थोरल्याचा आवाज आला.

"थांबली नाही. थांबवली."

"का?"

"तपासणी आहे."

"लिफ्टची?"

"लिफ्टला काही झालेलं नाही. जावईबापू, तुम्ही घाबरू नका हं. पंखा चालू आहे, कोपऱ्यात पाण्याची बाटली ठेवलीय."

"सासूबाई, एकच आहे."

"मग वाटून प्या. सवय आहे तुम्हाला." आणि मी पट्ट्यांचं सांगितलं, कोणाच्या कुठं सापडल्या तेही. "पाच मिनिटं देते. काय ते ठरवा आणि बटण दाबून बोला."

आत काय झालं ते जावईबापूंनी मला नंतर सांगितलं. त्यांच्या पोटात काही राहत नाही. थोरल्यानं मजल्याचा आकडा दाखवणाऱ्या दिव्याकडं डोळे लावले, जणू उत्तर तिथं उमटणार होतं. धाकट्यानं दार उघडायचं बटण अकरा वेळा दाबलं. जावईबापू स्वतः दोघांच्या बाह्या धरून उभे होते.

पण जे बोलले ते आम्हाला त्यांनी सांगायची गरज नव्हती. गेल्या महिन्यात धाकटीनं इंटरकॉम बदलला होता. अडकलेल्या माणसाला घाबरून बटण सापडत नाही अशी तक्रार यायची, म्हणून तिनं तो लिफ्ट थांबली की आपोआप चालू राहील असा केला. तशी सूचना लिहून भिंतीवर चिकटवलीही होती. बायकांनी वाचली. पुरुषांनी तिच्यावर टोप्या टांगल्या.

"बटण दाबू नका," थोरला आत कुजबुजला, आणि कारखानाभर घुमला. "दाबल्याशिवाय खाली काही जात नाही. अळीमिळी गुपचिळी. आता नीट ऐका. गोळ्या दातांसाठी होत्या."

"तिघांच्या?" जावईबापू.

"तिघांचे दात दुखत होते."

"एकदम?"

"लॉजच्या पाण्यामुळं म्हणू," धाकटा म्हणाला.

"पाण्यानं दात दुखतात?"

"भावोजी, तुम्ही तोंडच उघडू नका. तुम्हीच अडकवणार सगळ्यांना."

"मी? मला तर काही झालंच नव्हतं! फोड दादांना आला होता."

"फोड नव्हता तो. खरचटलं होतं. दुखतसुद्धा नव्हतं, आपोआप गेलं."

थोरलीचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. लेकीनं मात्र मान ताठ केली.

"ऐकलंस ना, वहिनी? आमच्या ह्यांना काही झालंच नव्हतं."

"काही झालं नव्हतं तर गोळ्या कशाला खाल्ल्या, वन्सं? चव बघायला?"

"दादानं दिल्या असतील. हे भोळे आहेत."

"भोळे! कात्रीनं कापून घेतल्यात, भोळे!"

"तुझा नवरा फोड घेऊन आला आणि तू माझ्या नवऱ्याला बोलतेस?"

"भांडू नका," मी म्हटलं. "आवाज वर जाईल."

धाकटीनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला होता. तेव्हा ती काय करत होती ते तिनं मला पुढं बऱ्याच दिवसांनी सांगितलं. ती आठवडे मोजत होती. कामावरून तो कधी आला, मधे किती दिवस गेले, बाळाचा कितवा आठवडा होता. सांधा कुठला जळाला ते शोधताना वायर टोकापासून मागं मागं तपासत जातो, तशी.

आत आता संडासाचं चाललं होतं. लॉजच्या संडासात बसल्यामुळं लागलं म्हणायचं की घट्ट पँटीमुळं, यावर एकमत होत नव्हतं. थोरल्याचं म्हणणं, उष्णता म्हणूया, आईला उष्णता पटते. मी माईक हातात घेतला.

"आईला पटत नाही."

आतलं संडासाचं प्रकरण तिथंच मिटलं.

"आई," थोरला म्हणाला, "तुला किती ऐकू आलं?"

"दातांपासून पुढचं सगळं. आता तक्ता भरायचाय. थोरली वाचतेय, तुम्ही उत्तरं द्या. ज्याचं उत्तर खोटं निघेल त्याच्यासाठी लिफ्ट संध्याकाळपर्यंत खाली येणार नाही."

हा तक्ता लिफ्टचा होता, मी तरी वेगळा कुठून आणणार? थोरलीनं घसा साफ केला आणि वाचलं, "बिघाड प्रथम कधी लक्षात आला?"

"कामावरून आल्यावर तीनएक आठवड्यांनी," थोरला म्हणाला.

"बिघाडाच्या वेळी क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली होती का?" वाचता वाचता तिचं तिलाच हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पण पेन सोडलं नाही. "अहो, विचारतेय. किती?"

"एकच. दोन वर्षं त्या गावात कामं निघतात, तिथं एकच बाई आहे. विश्वासातली."

"दोन वर्षं," थोरलीनं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक. "आणि तिच्या विश्वासातले तुमच्यासारखे आणखी किती?"

तिनं पुढचा रकाना वाचला.

"सुरक्षेचं साधन वापरलं होतं का?"

"आई, तुझ्यासमोर असलं काय बोलू?"

"तुझं ढुंगण मी दोन वर्षं धुतलंय. बोल."

"वापरतो ना कंडोम. नेहमी. म्हणजे, बहुतेक वेळा. थोडी घेतलेली असली की राहून जातं."

"आणि थोडी कधी घेतलेली नसते?" थोरलीनं विचारलं. हा प्रश्न तक्त्यात नव्हता.

मी म्हटलं, "शाफ्टमध्ये हेल्मेट न घालता उतरलेल्या कामगाराला तू दोन दिवस घरी बसवतोस. तो म्हणतो, साहेब, बहुतेक वेळा घालतो, तेव्हा तू त्याला काय म्हणतोस?"

"वीट बहुतेक वेळा पडत नसते, एकदाच पडते," थोरला पुटपुटला. त्याचं आवडतं वाक्य आहे ते. नव्या पोराला पहिल्या दिवशी ऐकवतो.

"जावईबापू, आता आपण."

"सासूबाई, मी एकदाच. तिच्याकडंच, आणि नीट बघून. स्वच्छ होती हो, चेहऱ्यावर तेज होतं."

इकडं लेकीच्या हाताची घडी सुटली. इतका वेळ ती नवऱ्याच्या बाजूनं उभी होती, ती दोन पावलं सरकून थोरलीच्या शेजारी गेली. थोरलीनंही तिला जागा दिली.

"बघून?" मी म्हटलं. "पोलादी दोर आतून झिजलाय हे तुम्हाला बघून कळतं का?"

"नाही. माप लावावं लागतं."

"मग तिच्या चेहऱ्यावर कसलं माप लावलंत?"

"मला कुठं राहते ती ते सांगा," थोरली म्हणाली. "मीच जाऊन बघते तिला."

"तिला काय बघायचंय? ती आपल्या दारात आली नव्हती, आपली माणसं गेली होती. आणि कोणी कोणाला दिलं ते देव जाणे. दोन वर्षं हा तिथं जातोय, यानंच कुठून आणून तिला दिलं नसेल कशावरून? तिलाही निरोप धाडायचा, रक्त तपासून घे म्हणून. निरोप थोरला धाडेल. विश्वासातला आहे ना तो तिच्या."

राहिला धाकटा. खरं सांगायचं तर सगळा खटाटोप त्याच्यासाठी होता. बाकीच्या दोघांचं काय व्हायचं ते होवो, मला त्याचं उत्तर हवं होतं, आणि मला ते एकच उत्तर हवं होतं.

"तू बोल."

"आई, मी कुठंही गेलो नाही," धाकटा म्हणाला. "शपथ. मी खोलीवर झोपलो होतो."

"मग गोळ्या?"

"दादानं गोळ्या आणल्या. भावोजींनी घाबरून वाटा मागितला. मग माझाही वाटा होताच ना? वाटा सोडायचा नाही, हे तूच शिकवलंस. एकदा सोडला की कायमचा सुटतो."

तुम्हाला हे ऐकून हसू येईल. मला आलं नाही, मला पटलं. शिडी कापणारा पोर तो, रोग नसताना औषध खाणार नाही तर काय! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी चावीला हात घातला. लेकसुद्धा म्हणाली, "हा खरंच बोलतोय, आई. लहानपणी याला ताप नसला तरी माझं औषध प्यायचा."

तेवढ्यात धाकटी उठली. एका हातानं कमर धरून तिनं माझ्या हातातून माईक घेतला.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "गोळ्या कधी घेतल्यास?"

"अगं, दादा आजारी पडला तेव्हा. दोन महिने झाले असतील."

"तेव्हापासून तू बाहेरच्या खोलीत झोपतोस. मी विचारलं तर म्हणालास, बाळाला धक्का लागेल. डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं, तरी मी म्हटलं, काळजी करतोय. हो ना?"

"हो."

"गोळ्या नुसत्या वाट्याच्या होत्या तर लांब का झोपलास?"

जावईबापू नंतर म्हणाले, त्यानं उत्तरासाठी त्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं, पण त्या प्रश्नाचा वाटा कोणी घ्यायला तयार नव्हतं.

"बोल ना."

"दोनदा गेलो होतो," धाकटा म्हणाला. "दादाचं बघितल्यावर घाबरलो. म्हटलं, तुला काही व्हायला नको."

"आणि कामावरून आल्यापासून दादांचं कळेपर्यंत? ते तीन आठवडे?"

तिनं माईक जागेवर अडकवला. आरडाओरडा नाही, रडणं नाही. माझ्या बोटांतून चावी काढून घेतली आणि स्वतः फिरवली. केबिन खाली आली, दार उघडलं, तिघं भिंतीला चिकटून उभे होते. बाटली कोणी उघडलीच नव्हती.

"ताई, गाडी काढा," ती थोरलीला म्हणाली. "आणि तो कागद फाइलला लावू नका."

दवाखान्यात आमच्यासाठी बाक पुरला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकेकाला आत बोलावते, दुसऱ्याचा निकाल मी कोणाला सांगणार नाही. थोरला म्हणाला, "तसं असेल तर आधी मी, मी मोठा." सुईसमोरसुद्धा याला मान हवा! मी म्हटलं, मलाही टोचा, उगाच भेदभाव नको. गरज नाही म्हणाल्या, पण मी बोट पुढं केलंच. थेंबभर रक्त एका पट्टीवर घालतात. एक रेघ आली तर काही नाही, दोन आल्या तर आहे, मग त्याची पक्की तपासणी करायला बाटलीत रक्त घेतात. माझी एकच रेघ आली. सत्तराव्या वर्षी एका रेघेचा इतका तोरा दुसऱ्या कोणी मिरवला नसेल.

निकाल गुप्त राहणार होते, पण आमच्या घरात कोण काय गुप्त ठेवणार? जावईबापू बाहेर आले ते एक रेघ म्हणून छाती काढूनच. लेकीलाही एकच होती. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" ते तिला म्हणाले.

"नऊ गोळ्या खाल्ल्यात, कदाचित तेवढ्यानं दबलं असेल," लेक म्हणाली. "मोठ्या तपासणीला रक्त दिलंय, ते येऊ दे. मग सहा आठवड्यांनी परत. तोवर बाहेरच्या खोलीत. गादी धाकट्याकडून घ्या, त्याला तिथं झोपायची सवय आहे."

थोरल्याला दोन रेघा, धाकट्यालाही. थोरलीलाही दोन, आणि तिला आजपर्यंत साधी खाजसुद्धा आली नव्हती. ती बाहेर येऊन लेकीच्या शेजारी बसली, आणि ज्या दोघी नऊ वर्षं एका कपबशीवरून बोलत नव्हत्या त्या एकमेकींचा हात धरून बसल्या. थोरल्याला इंजेक्शन सोसत नाही, म्हणूनच त्याला मुळात गोळ्या मिळाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी परत अठ्ठावीस लिहून दिल्या आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिलं ते मला लावता आलं: एका माणसासाठी.

मग धाकटी. ती नवऱ्याला म्हणाली, "तू इथंच बस." मला म्हणाली, "तुम्ही या."

तिची पट्टी टेबलावर होती. आम्ही तिघी तिच्याकडं बघत होतो. पहिली रेघ आली. दुसरी यायला वेळ लागला, आधी वाटलं नुसता डाग आहे. साडेतीन महिन्यांपूर्वी अशाच दुसऱ्या रेघेसाठी हिनं मला स्वयंपाकघरातून हाका मारून बोलावलं होतं. ही रेघ बघून ती खुर्चीत मागं टेकली आणि पोटावर दोन्ही हात ठेवले.

"बाळ?" तिनं विचारलं.

"ठोके चांगले आहेत. सोनोग्राफी करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेनिसिलिन आजच सुरू करते, बाळालाही तेच औषध पोचतं. आठवड्याच्या अंतरानं तीनदा घ्यायचं. अजून वेळ आहे, बहुतेक काही होणार नाही. फक्त, शुक्रवारीच आला असतात तर बरं झालं असतं. मी आजींना म्हटलं होतं, आजच आणा."

डॉक्टरीणबाई इंजेक्शनचा डबा काढायला वळल्या.

"शुक्रवारी?" धाकटी म्हणाली. तिनं माझ्याकडं मान वळवली. "तुम्हाला शुक्रवारपासून माहीत होतं?"

माझ्याकडं उत्तर होतं. कबुली हवी होती, पुरावा हवा होता, घराची अब्रू होती, तीन माणसं एका केबिनमध्ये कोंडायला रविवारच लागत होता. सगळं तोंडाशी आलं आणि मी ते गिळलं, कारण लिफ्टमध्ये धाकट्यानं दिलेलं उत्तरही असंच होतं. ऐकायला बरं.

"माहीत होतं," मी म्हटलं.

"दोन दिवस तुम्ही माझ्या ताटात वाढलंत. बाळ लाथ मारतंय का विचारलंत. आणि वरून त्या लिफ्टची तयारी करत होतात."

"हो."

"त्यानं मला फसवलं. त्याला निदान लाज वाटत होती. तुम्हाला तर मजा येत होती, आई."

या घरात माझ्याशी असं कोणी बोललेलं नाही. ह्यांचीसुद्धा छाती झाली नव्हती. मी उठून गेले असते तर कोणी अडवलं नसतं. पण ती कुशीवर वळली होती आणि डॉक्टरीणबाई सुई भरत होत्या. जाडजूड सुई, आत औषध दाट, पांढरं, कालवलेल्या चुन्यासारखं.

"हे दुखतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हळू द्यावं लागतं. कोणाचा हात धरायचाय? मिस्टरांना बोलावू?"

"नको," ती म्हणाली. आणि न बघता मागं हात करून माझं मनगट धरलं.

सुई गेली तशी तिची नखं माझ्या कातड्यात उतरली. ती ओरडली नाही, मीही नाही. औषध संपेपर्यंत मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले वार मोजत राहिले. शुक्रवार, शनिवार. रक्ताचा एक थेंब माझ्या मनगटावरून चादरीवर पडला.

"झालं?" धाकटीनं विचारलं.

"अर्धं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेवढंच आता दुसऱ्या बाजूला."

ती दुसऱ्या कुशीवर वळली. मी पलंगाला वळसा घालून पलीकडं गेले आणि दुसरा हात पुढं केला.